सुनेचा सीव्ही

नुकुआलोफा, टोंगा, ४ मार्च २०२५

प्रिय मेलेआने,

तुझं पाकीट मिळालं. त्यावर तुझं अक्षर दिसलं आणि मी घरी न नेता पोस्टातल्या बाकावरच उघडायला बसले. हावीलीला माती दिल्यानंतर ख्रिसमसच्या कार्डापलीकडे तुझ्याकडून काही आलेलं नाही, त्यामुळे माझ्या नातीला, सिसीलाच काही झालं असं वाटलं. उघडलं तर आत चार पानी सीव्ही आणि एक चिठ्ठी. ‘फेरीबोट कंपनीत मी सहा वर्षं हिशेब विभागात होते, याचा दाखला हवा आहे. कंपनी बंद झाली, कुणाला विचारावं कळत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.’

तसदी! माझ्या मुलाशी, हावीलीशी लग्न करून आठ वर्षं या घरात राहिलीस, माझ्या हातचं अळूच्या पानातलं मटण खाल्लंस, आणि मला ‘तसदीबद्दल क्षमस्व’ लिहितेस. असो.

दाखला सोबत आहे. तुमचे जुने मॅनेजर हल्ली मुलाकडे हापाई बेटावर असतात. बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर कागद पाठवून सही आणली. त्यांनी तुझी आठवण काढली आणि ‘तिच्यासारखी परत मिळाली नाही’ असं सांगून पाठवलं. तेही दाखल्यात लिहायला हवं होतं, पण सही घेऊन कागद परत आला होता.

खरं तर इथं माझं काम संपलं, पाकीट चिकटवावं. पण मी एकतीस वर्षं सरकारी कोषागारात काढली आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात गेली, हे तुला माहीत आहे. तू मत विचारलेलं नाहीस. तरी सांगते, रागावलीस तर रागाव.

चार पानं कुणी वाचत नाही. मी पहिलं पान चहा निवेपर्यंत वाचायचे. दुसरं वाचावंसं वाटलं तर माणसाला बोलवायचे. तिसरं पान वाचल्याचं मला आठवत नाही. तुझ्या पहिल्या पानाचा अर्धा भाग जन्मतारीख, चर्च, वैवाहिक स्थिती यांतच गेलाय. ऑकलंडच्या मॅनेजरला तुझ्या चर्चशी काय देणंघेणं? फोटोही काढून टाक, तिकडे लावत नाहीत. (मी तो कापून ठेवून घेतला आहे. केस खांद्यापर्यंत आलेत तुझे. मातीच्या दिवशी उंगाटेआनं, नणंद म्हणून, रीतीप्रमाणे कापले होते, तेव्हा कानाच्याही वर होते.)

‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी’ हे वाक्य तर आधी खोड. ते सगळेच लिहितात. आमच्याकडे एकानं ‘अत्यंत वक्तशीर’ लिहिलं होतं, तो मुलाखतीला दुसऱ्या दिवशी उगवला.

आणि ‘बिलं तपासली, बँकेशी मेळ घातला, पगारपत्रकं केली’ यात तू कुठे आहेस? हे तर त्या खुर्चीचं काम झालं. त्या खुर्चीत तू बसल्यावर काय बदललं, ते लिही. तू यायच्या आधी कंपनीचा महिनाअखेरचा हिशेब बंद व्हायला तीन-तीन आठवडे लागायचे. तू तो आठवड्यावर आणलास. हावीली जेवताना अशा थाटात सांगायचा की जणू त्यानंच केलं. ती ओळ या चार पानांत कुठेच नाही.

ईमेल करत नाही, कारण घरात ईमेल येतो तो उंगाटेआच्या फोनवर. तुझी नणंद तो माझ्याआधी वाचते.

सिसी केवढी झाली, एवढं कळव.

लोसेली


नुकुआलोफा, २७ मार्च

प्रिय मेलेआने,

नवा सीव्ही मिळाला. दोन पानांवर आणलास, बरं केलंस. सिसीच्या उंचीचा दोराही मिळाला. दाराच्या चौकटीला लावून पाहिला. हावीली त्या वयात यापेक्षा बुटका होता.

तांबड्या शाईनं खुणा केल्यात त्या बघ. दोनच गोष्टी इथं लिहिते.

एक. २०२२ च्या शेवटी नोकरी सुटली, त्यापुढे कोरा कागद. जणू जमिनीनं गिळलं तुला! खाली बारीक अक्षरात ‘घरगुती कारणं’. हिशेबात कुणी ‘किरकोळ’ म्हणून रक्कम टाकली की तू काय करायचीस? तिथंच बोट ठेवायचीस. तिकडचा मॅनेजरही तेच करणार. ‘पतीचं आजारपण व निधन’ एवढं एका ओळीत लिही आणि पुढं जा. त्यावर कुणी जास्त विचारत नाही. विचारलंच, तर तिथं नोकरी करू नकोस.

आणि चर्चमधल्या कालोलाइनेची तिकडे राहणारी मुलगी सांगत होती, तू इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करतेस. मला तू कळवलं नाहीस. सीव्हीतही नाही. चादरी धुण्यात लपवण्यासारखं काय आहे? ती म्हणाली की साबण आणि कापडाचा साठा किती उरला याची नोंद आता तूच ठेवतेस. ते काम तुला कुणी उगाच दिलं नसेल. लिही.

दुसरी गोष्ट. इथं चर्चच्या कॉलेजात हिशेबनिसाची जागा निघाली आहे. मी शब्द टाकला तर मुलाखतही नावापुरतीच होईल. पगार तिकडच्यासारखा नाही, पण घर आपलं आहे. तुझ्या बहिणीच्या गॅरेजात पडदा लावून राहावं लागणार नाही. सिसीची गादी अजून घातलेलीच असते. विचार कर.

उंगाटेआचाही निरोप आहे. ती म्हणते, तुला धड नोकरी मिळेपर्यंत सिसीला इकडे पाठव. भावाच्या लेकरावर आत्याचा शब्द शेवटचा असतो, हे तुला मी सांगायला नको. मी फक्त निरोप पोचवते आहे.

लोसेली


नुकुआलोफा, २ मे

प्रिय मेलेआने,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू लिहिलंस, ‘मी सीव्हीबद्दल विचारलं होतं. सिसी कुठं राहील ते विचारलं नव्हतं. माती झाल्यावर दहाव्या दिवशी उंगाटेआताईंनी सिसीची बॅग उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. मी रात्रीतून ती परत आणली आणि सकाळच्या विमानानं निघाले. तेव्हापासून त्या घरी यायची मला भीती वाटते. तुमची आठवण येते तरी भीती वाटते.’

मी ते वाचून घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि तीन रविवार तसंच राहू दिलं. मग काल उंगाटेआला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बॅग नेली म्हणजे काय पळवून नेली? पोर रडत होती, तिला माझ्याजवळ झोपवायची होती.” मी म्हटलं, “मग तसं तिला सांगायचं होतंस.” तर म्हणते, “नणंदेनं भावजयीला विचारून वागायचं? हे कधीपासून?”

तर तिचं असं आहे. माझं म्हणशील तर तो निरोप एकट्या उंगाटेआचा नव्हता. मलाही सिसी हवी आहे. सकाळी शाळेच्या पोरी निळे कपडे घालून समोरून जातात, तेव्हा मी मुद्दाम पाठमोरी बसते. लिहून टाकलं एकदाचं. कॉलेजातली जागा भरली, तो विषय संपला. आता सीव्हीकडे वळू.

तुझ्या सीव्हीत सगळ्यांत मोठी गोष्टच नाही.

ज्वालामुखी फुटला तो महिना आठव. आभाळातून राख पडत होती, समुद्राखालची केबल तुटली होती, बँका बंद, संगणक बंद. मदतीचा माल तुमच्याच बोटींतून बेटाबेटांवर जायचा. त्या पाच आठवड्यांत कोणती पोती कुठल्या बोटीत चढली, कुठं उतरली, भाडं कुणाच्या नावावर, हे सगळं तू बंदरावर उभी राहून हातानं लिहून ठेवलंस. तोंडाला ओलं फडकं बांधून. पुढे परदेशातून तपासनीस आले, आठवडाभर कागद चाळले आणि एकही शेरा न मारता गेले. तो अहवाल माझ्याच टेबलावरून पुढं गेला. तू माझी सून, म्हणून मी त्यावर सही केली नाही, शेजारच्या साहेबांना दिली. ते म्हणाले, “लोसेली, असे कागद आपल्या ऑफिसातून कधी निघाले होते का?”

अशी ओळ असलेला सीव्ही माझ्या हातात आला असता, तर मी चहा तसाच ठेवून त्या माणसाला फोन लावला असता.

तू ते का लिहिलं नाहीस हे मला कळतं. हावीलीचे पाय सुजायला लागले ते त्याच दिवसांत. तू दिवसभर बंदरावर असायचीस आणि घरी येऊन त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायचीस. आपण सगळे म्हणत होतो, राखेचं पाणी पोटात गेलं असेल, बरं होईल. ते दिवस आठवले की तुला तेच आठवत असणार. मलाही तेच आठवतं.

पण पोरी, ते काम तू केलंस. त्याच्या शेजारी दुःख घडलं म्हणून ते पुसून टाकायचं नाही. हावीलीला विचारलं असतं, तर त्यानं ती ओळ सगळ्यांत वर घातली असती आणि जाड अक्षरात.

लोसेली


नुकुआलोफा, ३० मे

प्रिय मेलेआने,

लिहिलंस. दुपारी पोस्टाबाहेर चिंचेच्या झाडाखाली उभ्यानंच वाचलं.

‘जानेवारी २०२२ च्या आपत्तीत संगणक व बँकव्यवहार बंद असताना मदतसामग्रीच्या वाहतुकीचा संपूर्ण हिशेब हाताने ठेवला. आंतरराष्ट्रीय तपासणीत एकही आक्षेप नाही.’ फुशारकी नाही आणि रडगाणंही नाही. हिशेबाच्या माणसानं असंच लिहावं. त्याखाली महिनाअखेरची ओळ, मग ते ऑकलंडच्या रात्रशाळेत शिकलेलं नवीन सॉफ्टवेअर, आणि सगळ्यांत शेवटी शिक्षण. क्रम बरोबर आहे. धुलाईखानाही मानानं बसलाय. ‘पतीचं आजारपण व निधन’ ही ओळ लिहायला तुला किती वेळ लागला असेल ते मी विचारत नाही.

नकार येतायत म्हणून खचू नकोस. पण मला एक सांग, सगळीकडे हाच कागद जसाच्या तसा पाठवतेस का? तसं करायचं नाही. जाहिरात दोनदा वाच. त्यांना पुरवठादारांची बिलं सांभाळणारं माणूस हवं असेल, तर तुझ्या कामातलं ते वर आण. पगारपत्रकं करणारं हवं असेल, तर ते वर घे. खोटं काही घालायचं नाही, आहे तेच हलवायचं. पाहुणा बघून कोनफळ वाढावं की अळू, इतकंच ते आहे.

तुझ्या ओळखीदाखल दोन नावं हवीत, त्यातलं एक माझं घालू का, असं विचारलंस. घाल. पण कोण आहे तेही लिही. ‘निवृत्त कोषागार अधिकारी’ असं लिही आणि पुढं ‘सासू’ असंही लिही. नंतर कळलं तर तुझ्या सगळ्या सीव्हीवरचा विश्वास जाईल. आधी सांगितलं तर फार तर हसतील.

रविवारी सिसीचा फोन आला होता. अर्धं टोंगन, अर्धं इंग्रजी. म्हणाली, “आजी, मम्मी आरशासमोर मुलाखत देते आणि मी मॅनेजर होते.”

मी विचारलं, “मग देतेस का तिला नोकरी?”

“अजून नाही,” म्हणाली. “ती फार हळू बोलते. आणि सारखं सॉरी म्हणते. मी तिला सांगितलं, तुम्ही उद्या परत या.”

मॅनेजर बाईंचं म्हणणं लक्षात घे.

तुझी सासू,
लोसेली


नुकुआलोफा, २४ जून

प्रिय मेलेआने,

मासे निर्यात करणाऱ्या त्या कंपनीतून काल फोन आला होता. मिसेस हॅथरली म्हणून बाई आहेत. तुला त्यांनी सांगितलं असेल किंवा नसेल, पण जे बोलणं झालं ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

मी आणि उंगाटेआ ओसरीत विणायला केवड्याची पानं सोलत बसलो होतो. फोन उंगाटेआचाच, त्यामुळे आवाज मोठा करून मधे ठेवला. बाई मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. पहिलंच म्हणाल्या, “सीव्हीत सासूचं नाव देणारी उमेदवार मी पहिल्यांदाच पाहिली.”

मी म्हटलं, “सुनेबद्दल चांगलं बोलणारी सासूही तुम्हाला पहिल्यांदाच भेटत असेल.”

त्या खूप हसल्या. मग कामाचं विचारलं. बंदरावरच्या त्या हिशेबाबद्दल खोदून खोदून विचारलं, कागद कसे लावले होते, चूक सापडली तर काय करायचीस. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हटलं. तू चिडतेस का विचारलं. म्हटलं, चिडत नाही, गप्प बसते, आणि ते जास्त वाईट. तेवढ्यानं तुझं काही बिघडणार नाही.

मग त्या म्हणाल्या, “एक स्पष्ट विचारते. याआधी या जागेवर एक जण होता, तो वर्षभरात शिकून घरी बेटावर परत गेला. आम्हाला टिकणारं माणूस हवं. मेलेआने टोंगाला परत जाईल असं तुम्हाला वाटतं का?”

उंगाटेआच्या हातातलं पान तसंच राहिलं. माझ्याकडे बघत होती.

मेलेआने, ‘सगळं देवाच्या हातात’ एवढं म्हणून मी मोकळी झाले असते. ते खोटं ठरलं नसतं आणि पुरेसंही झालं असतं. नोकरी हुकली असती, पुढच्या महिन्यात तू थकून इकडचं तिकीट काढलं असतंस, आणि कुणाला काही कळलं नसतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. आलं नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही.

मी म्हटलं, “नाही. ती परत येणार नाही. तिची मुलगी तिथल्या शाळेत रमली आहे. सुट्टीत भेटायला येईल न् परत जाईल. तुम्ही तिला ठेवलंत तर ती राहील.”

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. ‘ती परत येणार नाही’ हे वाक्य मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते.

उंगाटेआ म्हणाली, “आई, तू तुझ्या तोंडानं आपली पोर देऊन टाकलीस.”

“दिली नाही,” मी म्हटलं. “ती कुठं आहे ते सांगितलं.”

“हावीलीची एवढीच खूण राहिलीय या घराला!”

“हावीलीची बायकोही आहे. तीही त्याचीच खूण.”

ती अर्धवट सोललेली पानं टाकून उठून गेली. आज पहाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये माझ्या बाकावर बसली नाही. दोन बाकं पुढं, माझ्याकडे पाठ करून बसली. गाताना मात्र तिचाच आवाज सगळ्यांत वर होता, मला ऐकू जावा म्हणून.

नोकरी मिळाली तर लगेच कळव. नाही मिळाली तर त्याहून लगेच.

आई


नुकुआलोफा, १८ जुलै

प्रिय मेलेआने,

फोनवर तू रडत होतीस म्हणून मी रडले नाही. दोघींनी एकदम रडलं की पैसे वाया जातात. फोन ठेवल्यावर मग मी सावकाश रडून घेतलं आणि शेजारणीला बातमी सांगायला गेले. आतापर्यंत अख्ख्या गल्लीला कळलंय की लोसेलीची सून ऑकलंडला हिशेब विभागात लागली. एक बाई विचारत होत्या, “वशिला कुणाचा?” मी म्हटलं, “दोन पानांचा.”

आता दोन-तीन शब्द सांगते. पहिला महिना सगळं विचार, लाजू नकोस. दुसऱ्या महिन्यात विचारशील तेव्हा लोक घड्याळ बघतात. त्यांच्या जुन्या पद्धतींना पहिल्याच आठवड्यात नावं ठेवू नकोस. त्या चुकीच्याच असतील, पण त्या कुणीतरी घातलेल्या असतात आणि तो माणूस शेजारच्या टेबलावर बसलेला असतो. आणि आपला सीव्ही कपाटात ठेवून देऊ नकोस. वर्षातून एकदा काढून त्यात नवीन काय ते घालत जा. आयत्या वेळी आपलंच केलेलं आपल्याला आठवत नाही, हे तू पाहिलंसच.

तुझं पत्र काल आलं. उंगाटेआ पोस्टात माझ्याबरोबर होती. त्या दिवसानंतर आठवडाभर ती बोलत नव्हती, मग एक दिवस आपणहून येऊन माझ्याबरोबर पानं सोलायला बसली. तुझं पत्र मी तिच्यासमोरच उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. ‘डिसेंबरात दोन आठवडे रजा मिळेल असं मिसेस हॅथरली म्हणाल्या. आम्ही दोघी येतो. आता मला भीती वाटत नाही, कारण परतीचं तिकीट असेल आणि कामावर हजर व्हायची तारीख असेल. सिसीला तिच्या बाबांना माती दिली ती जागा दाखवायची आहे.’

उंगाटेआनं विचारलं, “दोनच आठवडे?”

“दोन आठवडे.”

तिनं माझ्या हातातलं पत्र घेऊन परत घडी घातली. मग म्हणाली, “डिसेंबरात कोनफळं चांगली नसतात. आधीच सांगून ठेवायला हवीत.”

आज सकाळी तिनं कमरेला बांधायचं एक कीएकीए आणून माझ्यापुढे टाकलं. स्वतः विणलेलं, काळ्या शिंपल्यांचं, नाजूक. म्हणाली, “ऑफिसात बांधायला. तिकडच्या आपल्या बायका बांधतात ना?”

“बांधतात.”

“मग पाठव. माझं नाव सांगू नकोस.”

सांगते आहे. उंगाटेआनं विणलंय. आपल्याकडे नणंद भावजयीला काही देत नाही, घेतेच, हे तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी बांधून जा.

विमानतळावर आम्ही दोघी येऊ. मी तिला आताच बजावून ठेवलंय, “सिसीला पोटभर उचलून घे, पण मग खाली ठेव.”

“ठेवीन,” म्हणाली. “लगेच नाही. पण ठेवीन.”

तुझी,
आई